होल्डवरचं बोलणं

प्रिय कुंदन,

जेवलास का, बरा आहेस का, हे या वेळी विचारत नाही. मला तुझी किळस आली आहे, आणि ती लिहून टाकल्याशिवाय घास उतरत नाही.

माझं काम तुला ठाऊक आहे. भंडाऱ्यात बसून हेडफोन लावायचा, कंपनीची पोरं गिऱ्हाइकांशी फोनवर कशी बोलतात ते ऐकायचं, मार्क द्यायचे. बोलणाऱ्या पोराचं नाव कळत नाही, नुसता त्याचा नंबर. तुम्हा पोरांना वाटतं, होल्डचं बटण दाबलं की रेकॉर्डिंग थांबतं. अरे, गिऱ्हाइकाला गाणं ऐकू जातं, मला तुम्ही ऐकू येता!

परवा एक कॉल लागला. अड्याळचा एक म्हातारा सांगत होता, फ्रिज बंद पडला जी, बायकोचं इन्सुलिन शेजारी ठेवून राहिलो. आपले बाबा! आणि समोर, कंपनीनं दिलेल्या नावानं 'मी करण बोलतोय, सर' म्हणणारा तू. मला हसूच आलं. वाटलं, आता हा ओळख देईल. तू होल्ड दाबलंस. शेजारच्यानं विचारलं, कोण आहे बे? तू म्हणालास, कोणी देहाती बुढा आहे, डोकं खाऊन राहिला. मग त्यांच्या बोलण्याची नक्कल केलीस आणि दोघं खिदळलात. छी! तुझ्या इंटरव्ह्यूला हाच बुढा नागपुरात गेटबाहेर दिवसभर उन्हात बसला होता. परत लाइनवर आलास तेव्हा काय गोड, 'झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व, सर'. मिस्त्री पाठवलास, तेवढं मानते.

काल घरी गेले. त्या फोनचा विषय बाबांनीच काढला. आपला कुंदनच होता वो फोनवर, म्या आवाज वळखला, पण ओळख देली नाही, बाजूले साहेब असन त्याचा. केवढ्या अदबीनं बोलते पोरगा! अख्ख्या आळीला सांगत सुटलेत. आई नुसती हसत होती.

गिऱ्हाइकाची टवाळी म्हणजे शून्य आणि घरची वाट, हा नियम तुलाही माहीत आहे. मी शून्य दिलं आहे. दोन-चार दिवसांत तुला बोलावतील. मुद्दाम फोन केला नाही. फोनवर तू फार गोड बोलतोस. पत्र एवढ्यासाठीच की नोकरी का गेली, ते बाबांसमोर बसून तू सांगायचं. माझ्या तोंडून ते निघणार नाही.

तुझीच, तरीही तुझीच,
तृप्तीताई