आधी तू खा

४ नोव्हेंबर
आले एकदाची लालबागला! चाळीतली खोली लहान आहे, पण खालच्या मसाला कुटायच्या डंकातून मिरचीची पूड उडते आणि शिंका फुकट मिळतात. नाशिकला आईला कळवलं, तुझी अनुजा संशोधक झाली. काम सोपं आहे. कोकणातल्या एका रानवेलीच्या अर्काची कॅप्सूल चाळीतल्या म्हाताऱ्यांना रोज द्यायची, समोर गिळायला लावायची आणि त्यांचं रक्त तपासायचं. आमच्या प्रमुख पूर्वी मॅडमनी शाळकरी पोरीला सांगावं तसं समजावलं. लोखंड गंजतं, चिरलेलं सफरचंद काळं पडतं, लाकूड जळतं, सगळा खेळ ऑक्सिजनचा. शरीरही आतून असंच हळूहळू जळत असतं. आपली कॅप्सूल ते जळणं थांबवते.

१६ नोव्हेंबर
इथली माणसं म्हणजे एकेक नग! मला बघून दारं लावून घेतात. शेजारच्या रखमाआजी तर पदर खोचून उभ्याच. गिरणी बंद पडली तेव्हाही शिकलेली माणसं अशीच गोड बोलत आली होती, असं ऐकवून त्यांनी कॅप्सूल माझ्याच हातावर ठेवली. "आधी तू खा गो, मगे आमी." खाल्ली. मग काय, घरोघरी तोच हट्ट, आणि तोही रोजचा. झाडपाल्याचीच तर आहे, म्हणून मीही प्रत्येक घरात एकेक गिळत सुटले. रखमाआजींचे यजमान कुशाबा तेवढे भोळे सांब. गुडघे हलके झाले म्हणतात आणि आणखी एक मागतात.

२ डिसेंबर
रिपोर्ट चक्रावणारे आहेत. कुशाबा आजोबांचं रक्त विशीतल्या पोरासारखं, बाकीच्यांत मात्र काडीचा फरक नाही. मॅडमना फक्त आजोबा दिसले, त्या खूश. मला हल्ली भूकच लागत नाही. डबा तसाच परत जातो.

१९ डिसेंबर
कांदा चिरताना बोट कापलं, त्याला आठवडा झाला. रक्त येत नाही, खपलीही धरत नाही. जखम आत्ता कापल्यासारखी लालबुंद. नखं वाढलेली नाहीत. मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, छान, फोटो पाठव. असा संताप आला!

८ जानेवारी
कुशाबा आजोबा गेले. चहा पिता पिता, बसल्या जागी. डॉक्टरांनी दाखला दिला. मी भेटायला गेले तर रखमाआजींनी सगळ्यांदेखत मला ढकलून बाहेर काढलं.

९ जानेवारी
त्यांना परत आणलंय.
त्यांचा मुलगा स्वप्नील सांगत होता, लाकडांची राख झाली, कफनाची राख झाली, बाबा तसेच. मिशीसुद्धा करपली नाही. विजेच्या भट्टीतूनही तसेच बाहेर आले. कुणी रडत नाही. सगळे माझ्या दाराकडे बघतात. माझ्या चपला कुणीतरी खाली फेकून दिल्यात.

११ जानेवारी
दाराला बाहेरून कडी. मॅडम फोन उचलत नाहीत. आजोबांची खाट मुद्दाम माझ्या खिडकीसमोर ठेवलीय, गॅलरीत. वास नाही, माशी नाही. काल डोळे मिटलेले होते. आज—

१२ जानेवारी
रखमाआजी खिडकीशी आल्या. चाळीत कुणीच कॅप्सूल गिळली नाही म्हणाल्या. जिभेखाली धरायची, माझी पाठ वळली की मोरीत थुंकायची. सगळी चाळ थांबली होती, आधी हिला काय होतं ते बघू म्हणून. खाल्ल्या त्या फक्त आजोबांनी, स्वतःची आणि रखमाआजींचीही.
आणि तू किती घरची खाल्लीस, असं विचारलं त्यांनी.
मग त्यांनी गजातून काडेपेटी आत टाकली. म्हणाल्या, तूच बघ.

१३ जानेवारी
नाडी सापडत नाही. तरी लिहितेय—
काडी पेटवली. बोटाखाली धरली. काहीच नाही. दुसरी— केसांना. नाही.
आजोबांचे डोळे उघडे आहेत. बुबुळं हलतात. त्यांना सगळं कळतंय. भट्टीतही कळत असणार—
आई, मला जाळता येणार नाही गं. मी अशीच पडून राहीन, सगळं बघत—
शेवटची काडी. तळहातावर धरतेय. देवा, एकदाच, नुसता चट—