नमुना नष्ट न करणेबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
रक्तनमुना संग्रह विभाग,
बालरुग्णालय.

विषय : माझ्या मुलीचा नमुना नष्ट न करणेबाबत.
संदर्भ : उर्वरित नमुन्याच्या विल्हेवाटीसंबंधी आपले पत्र.

महोदय,

१. मी फ्रिज दुरुस्तीचा धंदा करतो. माझी सहा वर्षांची मुलगी विषाणूच्या तापाने आपल्या अतिदक्षता विभागात दाखल होती व तेथेच वारली. ताप मेंदूपर्यंत गेला होता. अशा मुलांच्या मेंदूला इजा होते आहे हे रक्तावरून लवकर ओळखता येईल का, याचा अभ्यास आपल्याकडे चालू होता. त्यासाठी आम्ही तिचे रक्त घेऊ दिले होते.

२. आपले पत्र आले तेव्हा मी कामावर होतो. ते माझ्या आईने उघडले. ‘शीतपेटीत जागा नसल्याने आपल्या पाल्याचा नमुना नष्ट करण्यात येईल.’ महोदय, आमच्या घरी नमुना म्हणजे रक्त नव्हे. नमुना म्हणजे ती. उन्हात पाय भाजतात म्हणून तिने गिऱ्हाइकाच्या फ्रिजमध्ये स्वतःच्या चपला ठेवल्या होत्या. तेव्हा आई कपाळाला हात लावून म्हणाली, “काय नमुना जन्माला घातलायस!” तेच नाव पडले. शाळेत बाईंनी नाव विचारले तर या बयेने तेच सांगितले. आता ही रक्ताची नळी आहे असे मी आईला हजारदा समजावले. ती एकच म्हणते, “मेलेल्या पोरीला आणखी काय मारतात रे?” यावर काय उत्तर द्यावे, याचे मार्गदर्शन आपल्या पत्रात नाही.

३. शिवाय ती नळी साधी नाही. आपल्याकडील डॉक्टरीणबाईंनी मला समजावले, की औषधाने झोपवलेले मूल काय होतेय ते सांगू शकत नाही, पण मेंदूच्या पेशी मोडल्या की त्यांच्यातली प्रथिने रक्तात उतरतात, ती मोजता येतात. आमच्या मुलीची फार वाढलेली निघाली. ही तपासणी अजून अभ्यासापुरतीच आहे, तिच्यावरून उपचार ठरत नाहीत, असेही त्या म्हणाल्या. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. मात्र मग त्या नळीत जे आहे, ते माझ्या मुलीच्या डोक्यातले आहे की नाही? दार लावल्यावर फ्रिजमधला दिवा खरंच विझतो का, म्हणून ती माझे डोके खायची. विझतो म्हटले तरी तिला पटायचे नाही. ते तिचे न पटणे त्या नळीत उतरले आहे काय, याचा लेखी खुलासा व्हावा.

४. जागेचीच अडचण असल्यास आपल्या सर्व शीतपेट्या मी विनामोबदला दुरुस्त करून देईन. तेही शक्य नसल्यास नळी माझ्या ताब्यात द्यावी. त्यासाठी घरचा फ्रिज रिकामा करून पुसून ठेवला आहे. घरच्या फ्रिजला तेवढी थंडी झेपणार नाही, असे आपले कारकून म्हणाले. अहो, मला माहीत आहे. धंदाच माझा तो. तरी रिकामा केला.

५. येथवर लिहून झाल्यावर अर्ज माझ्या बायकोने वाचला. ती हल्ली फारसे बोलत नाही. ती म्हणाली, “पंखा लावला तरी पांघरूण ओढायची ती. तिला तुम्ही फ्रिजमध्ये ठेवणार?” आणि म्हणाली, “त्या बाईंना सांगा, थेंब न् थेंब वापरा म्हणावं. दुसऱ्या कुणाच्या पोराचं तरी वेळेत कळू दे.” मी तिच्याशी भांडलो, नको ते बोललो. मग रिकाम्या फ्रिजसमोर बसून राहिलो. बायकोचे बरोबर आहे.

सबब, कलम ४ मागे घेत आहे. दुरुस्तीचे तेवढे कायम समजावे. नळी फेकून न देता डॉक्टरीणबाईंच्या अभ्यासात शेवटच्या थेंबापर्यंत वापरावी. ती संपेल तेव्हा आपल्या नोंदीत ‘नमुना नष्ट’ असे लिहू नये. ‘नमुना कामी आला’ असे लिहावे, आणि तसे दोन ओळींचे पत्र आमच्या पत्त्यावर पाठवावे. ते मी आईला वाचून दाखवीन.

सोबत : आपल्या पत्राची प्रत. मूळ पत्र आई देत नाही.

आपल्या पत्राची वाट पाहणारा,
(सही)
नमुन्याचा बाप