आईचा अल्सर

१४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

गुडघा कसा आहे? जिना चढायचं बंद केलंस की हट्ट चालूच? इकडे सगळे मजेत. म्हणजे, मी सोडून.

फोनवर "छोटंसं काहीतरी निघालंय" म्हणाले, ते अर्धंच होतं. कॅन्सर आहे, डाव्या स्तनाचा. पण गाठ नाही! रोज चाचपते, लागतच नाही. नुसतं एका बाजूला जाडसर, गादीत कापूस सरकल्यासारखं. गेल्या वर्षीची मॅमोग्राफीही स्वच्छ होती. मग संशय येणार नाही? माझी नोकरी तुला माहीत आहे. विम्याच्या भरपाईसाठी लोक भिंतीवर पाणी मारून ठेवतात आणि मी ते पकडते. वाटलं, तपासायला सुईनं काढतात तो दुसऱ्याच कुणाचा तुकडा माझ्या नावावर खपवलाय. त्यात नवरा न सांगता भांडी घासायला लागला. म्हटलं, याला माझ्याआधी काहीतरी कळलंय!

तुकडा दुसरीकडे तपासून घेतला. तेच निघालं. मग डॉक्टरीणबाईंना धरलं. "गाठ दाखवा, मग मानते."

"तुम्ही भिंती बघता ना? ओल आली की फुगवटा दिसतोच?"

"नाही. आतल्या आत पसरते."

"हा तसाच. दूध तयार होतं त्या भागात सुरू होतो. पेशींचा गोळा होत नाही, त्या एकामागे एक ओळीनं सरकतात. म्हणून हाताला लागत नाही, फोटोलाही चकवतो. कमी जणींना होतो, पण उपचार आहेत."

पटलं. ऑपरेशनला हो म्हणाले.

उठताना त्यांनी विचारलं, "घरात कुणाला पोटाचा कॅन्सर?"

"नाही. आईला अल्सर होता."

"कुणी सांगितलं?"

"ताईनं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. थोड्या घराण्यांत हे दोन आजार जोडीनं येतात म्हणे. रक्त तपासून बघता येतं.

ताई, अल्सरनं माणूस इतकं वाळतं? आणि डॉक्टर घरी आले की दर वेळी साखरच कशी संपायची?

मी रागावणार नाही. मी लहान होते, आणि तू तरी कुठे मोठी होतीस? पण आता तुझ्या रक्ताचा प्रश्न आहे, तुझ्या लेकीच्याही. "माझी मॅमोग्राफी स्वच्छ आहे" एवढं मात्र सांगू नकोस.

फोनवर विषय बदलतेस, म्हणून लिहिलं. मंगळवारी ऑपरेशन आहे. उत्तर लिहू नकोस. त्याआधी ये आणि समोर बसून सांग.

घरात साखर भरपूर आहे.

तुझी,
दुकानात पिटाळलेली धाकटी