कुकर पाहायला आलेल्या बाया

अमरावती, ता. १८ डिसेंबर १९६४

तीर्थस्वरूप गं. भा. ताईस,
धाकटी कौशल्या हिचे कृ. सा. न. वि. वि.

कुकरच्या कंपनीचे काम धरल्यापासून परवाचा हा तिसरा कार्यक्रम. घरी बाया बोलवायच्या, त्यांच्यासमोर वरण-भात लावायचा, शिटी ऐकवायची, दोन घास खायला घालायचे आणि नोंदणी घ्यायची. चौदा जणींना चिठ्ठ्या धाडल्या होत्या, आल्या दोघी. एक दळणाच्या वाटेवरची, डबा मांडीवर घेऊनच बसली. दुसरी पहिल्या शिटीलाच ओसरीवर पळाली. चौदा पानांचा भात आम्हीच खाऊन संपवला. हे म्हणाले, की तुह्या कुकरच्या पायी मी दोन दिस आजाऱ्यावानी वरण-भातच खाऊन राहिलो. ते हसले, पण मला गल्लीतून मान वर करून जाववत नाही गं.

वीस जानेवारीला नागपूरचे साहेब स्वतः पाहायला येणार आहेत. दहा बाया दिसल्या नाहीत तर कुकर घेऊन जातील आणि कामही. लग्नानंतर माझे स्वतःचे म्हणावे असे हे पहिलेच काही. तू ये. तुझे बोलणे बाया ऐकतात.

बाकी सर्व क्षेम. माया आहे तशी असू दे.
तुझी कौशल्या

जुने शहर, अकोला, ता. २७ डिसेंबर १९६४

चि. सौ. कौशल्येस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग वाईट वाटले. अगं, शिटीला भिणारीला कुकरजवळ बसवावे, दाराजवळ नव्हे! आणि चिठ्ठ्या कसल्या धाडतेस? आपल्याकडची बाई बोलावल्याशिवाय जात नाही, आणि बोलावणे म्हणजे तिच्या घरी जाऊन बोलावणे.

तुझे भाऊजी गेल्यापासून सहा वर्षांत शाळा आणि घर याशिवाय मी कुठे गेले नाही. रजा मागितली तर हेडबाईच खूश झाल्या. वीसला दुपारपर्यंत पोचते. बदामी लुगडे धुऊन ठेवले आहे. तुझ्या साहेबाला मीच वाढीन.

वरण-भाताला कंटाळलेल्या जानरावांना आशीर्वाद. आपला जीव जपून धावपळ कर.
तुझी ताई

अमरावती, ता. १७ जानेवारी १९६५ (कार्ड)

ती. ताईस सा. न. वि. वि. साहेबांचे येणे पुढे गेले. तू खेप घालू नकोस, रजा वाया जाईल. नवी तारीख कळवीन. घाईत आहे.
कौशल्या

अमरावती, ता. २४ जानेवारी १९६५

तीर्थस्वरूप ताईस,
कौशल्येचे सा. न. वि. वि.

माझे कार्ड खोटे होते. साहेब वीसलाच आले. तेवीस बाया पाहून खूश झाले आणि माझे काम पक्के करून गेले.

तू सांगितल्याप्रमाणे मी घरोघरी फिरले. जेमतेम चौघी हो म्हणाल्या. मग शेजारची शकुन म्हणाली, की संक्रांतीचं हळदीकुंकू आहे म्हनून सांग, नाही म्हनाची कोनाची हिंमत आहे? तसेच केले. वाण म्हणून चहाच्या गाळण्या लुटल्या. सगळ्या हो म्हणाल्यावर ध्यानात आले, तू यायची आहेस. हळदीकुंकवात तुला बसवू कुठे? स्वयंपाकघरात बसवावे असेही मनात आले होते, तेही लपवत नाही. त्यापेक्षा खोटे लिहिणे सोपे वाटले. ज्या ताईने मला अक्षरओळख करून दिली, तिलाच खोटे लिहिले. लाजेने जेवण गोड लागत नाही.

नोंदणी किती विचारशील, तर एकीचीही नाही. कुंकू लावून घेतले, गाळणी घेतली, गेल्या.

क्षमा कशी मागावी कळत नाही. रागाचे का होईना, पत्र लिही.
कौशल्या

अकोला, ता. ३० जानेवारी १९६५

चि. सौ. कौशल्येस आशीर्वाद.

तुझे कार्ड मला वीसला रात्री, परत आल्यावर मिळाले. होय, मी आले होते. मोटार मूर्तिजापूरला दीड तास खोळंबली, म्हणून पोचायला चार वाजले. फाटकाशी आले तर आत फुले माळलेल्या बाया आणि तू दारात करंडा घेऊन उभी. एकीने विचारले, की कोनाकडे आल्या जी? मी म्हटले, घर चुकले. तशीच फिरले आणि स्टँडवर पुढच्या मोटारीची वाट पाहत बसले.

तिथे मला राग नाही आला, लाज वाटली. मी काय केले होते गं, म्हणून मला लाज वाटावी? राग घरी येऊन तुझे कार्ड वाचल्यावर आला. तो अजून पुरता गेलेला नाही. तू खरे लिहिलेस म्हणून मीही लिहिते, नाहीतर आलेच नव्हते असे जन्मभर म्हटले असते.

चौदा फेब्रुवारीला, रविवारी, माझ्याकडे नऊ बाया जमतील. चौघी माझ्यासारख्या, बाकीच्या सवाष्णी. हळदीकुंकू नाही, वाण नाही, नुसता वरण-भात आहे. त्यांतल्या तानुबाईला खरेच कुकर घ्यायचा आहे. तू कुकर घेऊन ये.

आणि माझ्याकडे यायचे म्हणून ओशाळू नकोस, ठसठशीत कुंकू लावून ये. माझ्या दारातून कुणी कपाळ पाहून परत जात नाही.

लोभ होता तेवढा आहे. वाढवणे आता तुझ्याकडे.
तुझी ताई