‘स्टेप’ म्हणजे पायरी नव्हे

४ मार्च
कोशाचं काम पुन्हा हातात घेतलं. हे गेल्यापासून मी टेबलाकडे फिरकले नव्हते. संपादक म्हणतात, सावकाश होऊ द्या. पण रिकामं बसून करू काय? इंग्रजी-फ्रेंचमधले वापरातून गेलेले, मूळ अर्थ हरवलेले शब्द, त्यांची मुळं, त्यांचे मराठी अर्थ — सध्या गेलेल्यांचीच सोबत.
पोरगी शाळेतून आली, जेवली, खोलीत गेली. यांच्या पहिल्या बायकोची लेक. मी या घरात आले तेव्हा इवलीशी होती, आई नसलेली. अजून मला ‘अहो’च म्हणते.

६ मार्च
फ्रेंच ‘मारात्र’. ‘सावत्र’शी यमक जुळतं! पूर्वी साधा अर्थ — वडिलांची दुसरी बायको. पुढे ‘छळणारी आई’ एवढाच उरला. मग लोकांनी ‘बेल-मेर’ धरला, म्हणजे सुंदर आई. सासूलाही तोच शब्द! गोड बोलून वेळ मारून नेली, झालं.

९ मार्च
पोरीच्या मावशीचा फोन. रविवारी न्यायला येते म्हणाली, कायमचं. मी ‘बरं’ म्हटलं. कोणत्या तोंडानं अडवू? नातं यांच्यामुळे होतं. हेच नाहीत.

१० मार्च
एक ओळ लिहून झाली नाही.

१२ मार्च
इंग्रजी ‘स्टेपमदर’. मला आपलं वाटायचं, स्टेप म्हणजे पायरी — आईपेक्षा एक पायरी खाली. साफ चूक. जुन्या इंग्रजीत ते ‘स्तेओप’ होतं. त्यामागे जवळचं माणूस गमावल्याचा अर्थ. ‘स्तेओपचिल्ड’ म्हणजे पोरकं मूल. आपल्या ‘सावत्र’च्या मुळाशी सवत, त्यांच्या शब्दाच्या मुळाशी दुःख.
जेवताना तिला सांगितलं. एरवी ऐकून सोडून देते. आज ताटाकडे बघत म्हणाली,
“मग तो शब्द आता तुम्हालाही लागू होतो.”
तिनं पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला.

१५ मार्च, रविवार
मावशी आली. पोरगी आंघोळीला गेल्यावर हळू आवाजात म्हणाली, “मी कुठे मागितलं तिला? तिनंच फोन केला. म्हणे, बाबा गेले, आता त्या मला कशाला ठेवतील? जा म्हणायच्या आत आपणच निघावं.”
तिच्या खोलीत गेले. भरलेली बॅग दाराशी होती. खाली बसून चेन उघडली, एकेक कपडा कपाटात परत लावायला लागले. ती केस पुसत आली, उभी राहिली. मग शेजारी बसली आणि मी चुरगाळून ठेवलेल्या स्वेटरची नीट घडी घातली.