रोममधले बांगडे

प्रिय महादू,

रोमहून लिहितोय. निघताना तू हसलास, “तुका आरोंद्याचो तिठो गावत नाय, रोम खंयचा गावतला?” सॅन्ड्राने ते मनात धरून ठेवलं. माझी बायको फ्रान्सिस्का वारल्यापासून लेकीचं एकच पालुपद: पपांनी आता एकटं राहायचं नाही, इथे रोममध्ये माझ्याकडेच राहायचं, गावचं घर विकायचं. शेवटी मीच पैज लावली. एकटा बाजारात जातो, मासळी घेऊन येतो. धड परतलो तर माझ्या घरी राहीन. चुकलो तर सॅन्ड्रा म्हणेल तसं.

काल सकाळी निघालो. काय सांगू रे! सातवीच्या इतिहासात रोमचं बोटभर चित्र होतं ना, ज्यातल्या राजाला तू पेनाने चष्मा काढला होतास? तसल्याच खांबांना टेकून इथे स्कूटर उभ्या. दोन हजार वर्षांच्या भिंतीशेजारून ट्राम धावते, वरच्या खिडकीत कुणाचं धुणं वाळतंय. एका पडक्या कमानीखाली उभा राहून मी मास्तरांची आवडती कविता मोठ्याने म्हटली, चालीसकट. दगडांनी आवाज परत दिला. मोबाइलमध्ये डोकं घातलेल्या दोन पोरींनी टाळ्या वाजवल्या. त्या तंद्रीत उलट्या दिशेच्या ट्राममध्ये बसलो, थेट शेवटच्या थांब्यावर! खिशात सॅन्ड्राचा नंबर होता, पण फोन केला की हरलो. समोरची ट्राम धरली नि मागे आलो.

बाजारात बांगडे दिसले आणि ताजे आहेत का बघायला सवयीने एकाचा कल्ला उघडला. इथे मासळीला गिऱ्हाइकाने हात लावायचा नसतो! मासेवाली कडाडली. मीही सोडतोय काय, “गो बाय, लाल आसा काय ता नको बघूक?” ती तिच्या भाषेत, मी माझ्या. चांगली जुंपली. मग तिलाच हसू फुटलं. खालच्या खोक्यातले ताजे बांगडे काढून तिने स्वतःच कल्ला उघडला नि माझ्या नाकासमोर धरला. लालभडक!

सॅन्ड्रा दारातच होती. पिशवीत डोकावली, रडली, मग हसली. कालवणात घालायला तिरफळं नव्हती, तरी बांगड्यांचं तिखलं मीच केलं. दुसऱ्यांदा वाढून घेताना म्हणाली, “पपा, तुमी जिंकल्यात.”

फोनवर तू मधेच बोलतोस, म्हणून लिहिलं. सॅन्ड्रा या पत्राचा फोटो तुझ्या सुनेच्या, दिव्याच्या फोनवर धाडेल. निघताना किल्ली देऊन मीच तुला म्हटलं होतं, घराला गिऱ्हाईक बघ. तेव्हा मी मनातून हरलो होतो, महादू. आता कुणी घर बघायला आलाच तर त्याला चहा पाज आणि सांग, घरवालो येता.

तुझाच, वाट न चुकता येणारा,
जॉर्ज