आठशे बाय सहाशे

मंगळवार, १ जून २००४
माझा टाइपरायटर नेला आणि त्याच्या जागी कॉम्प्युटर ठेवला. बाकीच्यांना मागच्या वर्षीच मिळाले. "गोपनीय पत्रं जुन्या मशीनवरच बरी" असं म्हणत म्हणत मी एक वर्ष ढकललं, आता नाही ढकलता आलं. कामाक्षी म्हणाली, "अक्का, आता सुटका नाही." ती अठ्ठावीसची, मी सत्तावन्न. दोघी एकाच साहेबांच्या स्टेनो, पण गोपनीय काम माझ्याकडे.

अक्षरं मुंगीएवढी. चष्मा चार वेळा पुसला. चष्म्याला काही झालेलं नव्हतं.

गुरु. ३ जून
टाइप करायला मला बघावं लागत नाही. तेहतीस वर्षं झाली, बोटांना सगळं पाठ आहे. पण चूक राहिली का हे बघायला डोळेच लागतात.

आज शोध लावला. वरच्या पट्टीत एका चौकोनात १० असतं, तिथे २२ केलं. सगळं स्वच्छ दिसायला लागलं. कोणालाही विचारलं नाही. दिल्लीचं पत्र दुपारच्या आत तयार, साहेबांनी सही केली, डाकेत गेलंसुद्धा. घरी येताना बसमध्ये उभी होते तरी पाय दुखले नाहीत.

मंगळ. ८ जून
दिल्लीहून साहेबांना फोन. एका पानाचं पत्र साडेतीन पानं कसं झालं, आणि हे कार्यालयाला लिहिलंय की बालवाडीला. साहेब बाहेर येऊन सगळ्यांसमोर बोलले. मी म्हटलं, "सर, सहीच्या वेळी तुम्ही वाचलंत ना?" तसेच आत गेले.

टाइपरायटरवर जे दिसतं तेच कागदावर असतं. मी तेच धरून चालले. इथे काच वेगळी आणि कागद वेगळा, हे मला कोणी सांगितलं होतं? चूक माझी, मान्य. पण हसायचं कारण नव्हतं. कामाक्षी तोंडाला पदर लावून हसत होती, दिसलं मला. तेवढं दिसतं.

सोम. १४ जून
दर सोमवारी कॉम्प्युटर बघायला कंपनीची सेल्वी येते. पस्तिशीची असेल, दोन मुलं, कायम घाईत. तिला सरळच सांगितलं, की मला कागदावर नको, काचेवर मोठं हवंय. तिने मोकळ्या जागी उजवं बटण दाबलं, चार खिडक्या उघडल्या, एक पट्टी डावीकडे ओढली. आठशे बाय सहाशे. आकडा लहान, तेवढं काचेवर मोठं. मग आणखी कुठेतरी "लार्ज". मशीन बंद करून चालू केलं. "पोदुमा, मॅडम?" पुरे का, म्हणून तमिळमध्ये विचारते. म्हटलं, एवढंच हवं होतं गं. आणि कागदावर अक्षर जसंच्या तसं, दहाचं.

एवढंसं काम. दोन आठवडे मी कानकोंडी होऊन बसले होते.

बुध. १६ जून
ह्यांनी हट्टाने डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मोतिबिंदू असेल, काढून टाकू, असं दोघंही धरून चाललो होतो. नाही. आतला पडदा झिजतोय. चष्म्याने भागणार नाही. इतकंच राहील किंवा वाढेल, सांगता येत नाही. मोठी अक्षरं, चांगला उजेड, एवढाच उपाय.

रिक्षात हे म्हणाले, "व्ही.आर.एस. घे. बास झालं." मी म्हटलं, निवृत्तीला दोन वर्षं चार महिने आहेत, ती मी पुरी करणार. मैलापूरला घराशी उतरलो. घरी पाण्याची लॉरी येऊन गेलेली, शेजारच्या बाईंनी आमच्या दोन घागरी भरून ठेवल्या होत्या. घागरी आत घेताना मला रडू आलं. ह्यांना वाटलं, जड झाल्या म्हणून.

शुक्र. १८ जून
साहेब आज मसुदा बघायला माझ्या टेबलाशी आले. एरवी प्रिंट मागवतात. चार हात लांब उभे राहून चष्मा न लावता अख्खं पत्र वाचलं आणि "ओके" म्हणाले. निघून जाताना पुन्हा एकदा वळून स्क्रीनकडे बघितलं. त्यांचं पंचावन्नावं चालू आहे.

सोम. २१ जून
सेल्वीच्या कंपनीचा हुकूम: सगळ्या मशीन्सची सेटिंग्ज एकसारखी करा. तिने माझं पुन्हा बारीक केलं. "माझी नोकरी आहे, मॅडम." म्हटलं, तू तुझं कर, मी फक्त बघते. ती करत गेली आणि मी वहीत शॉर्टहँडमध्ये एकेक पायरी उतरवून घेतली. ती जिन्यापर्यंत पोचली नसेल, मी उलट्या क्रमाने सगळं परत मोठं केलं होतं.

आता दर सोमवारी तिने लहान करावं आणि मी मोठं. माझी तयारी आहे.

गुरु. २४ जून
वाईट झालं. आज बदल्यांची यादी टाइप करायची होती. सतरा नावं, सोमवारपर्यंत बाहेर जायची नाही असं साहेबांनी दोनदा बजावलं होतं. आमच्याकडे स्टेनोचं टेबल पहिल्यापासून साहेबांच्या दाराकडे तोंड करून, पाठ हॉलकडे. घंटी वाजली की उठता यावं म्हणून. म्हणजे माझा स्क्रीन अख्ख्या हॉलसमोर. एवढ्या मोठ्या अक्षरांत.

चार वाजता मुरुगेसन, आवक टपालाचा क्लार्क, साहेबांच्या खोलीत. यादीत त्याचं नाव होतं, बदली मदुराईला. बायकोचं डायलिसिस इथे चालू आहे. हातात कागद घेऊन उभा. पाणी प्यायच्या निमित्ताने माझ्या मागून जाताना त्याने वाचलं होतं. इतरांनीही.

मला माझीच शरम वाटली. डोळ्यांची नव्हे, मागून कोणालाही वाचता येतं हे माझ्या ध्यानात आलं नाही याची. तेहतीस वर्षांत माझ्या टेबलावरून एक ओळ बाहेर गेली नव्हती.

शुक्र. २५ जून
साहेबांनी बोलावलं. दार लावून बोलले, आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "नलिनी मॅडम, सेटिंग पूर्वीसारखं करा. जमत नसेल तर डोळे अधू आहेत म्हणून अर्ज द्या. मी तुम्हाला डिस्पॅचला देतो. तिथे पाकिटं पाठवायची, कॉम्प्युटर नाही, आराम आहे."

मी म्हटलं, आराम मी मागितलेला नाही.

"मग यादी फुटली त्याचं काय?"

"ती माझी चूक. पण सर, यादी फुटली ती टेबलाच्या तोंडामुळे. टेबल फिरवलं की झालं."

"टेबल मेंटेनन्सला लिहून फिरवतात, मनाला आलं म्हणून नाही."

कामाक्षीला बाहेर विचारलं, मला डिस्पॅचला दिलं तर गोपनीय काम तुझ्याकडे येणार, तुला हवंय का. म्हणाली, "नकोय अक्का. संध्याकाळी उशीर होतो, मुलगी आईकडे असते. पण सर म्हणाले तर नाही कसं म्हणू?" खरं बोलली. आवडलं मला.

आणि मुरुगेसनची बदली रद्द करा असंही मी साहेबांना सांगून आले. ते माझं काम नव्हतं. सांगितलं तरी.

शनि. २६ जून
सुट्टी. मेंटेनन्सला अर्ज लिहिला: टेबल फिरवून मिळावं. कारणाच्या रकान्यापाशी अडले. हे म्हणाले, "'दृष्टी अधू' लिही, लगेच मिळेल." लगेच मिळेल हे मलाही माहीत आहे. त्यामागोमाग वैद्यकीय तपासणी, मग डिस्पॅच, मग सगळ्यांचं "बिचारी". मी रागाने म्हटलं, माझी दृष्टी अधू आहे हे मला ठाऊक आहे, पण माझं काम अधू नाही. ह्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "असंच लिही की."

लिहिलं. "मला बारीक अक्षर दिसत नाही. मोठं दिसतं. मोठ्या अक्षरात मी चोख काम करते. स्क्रीन इतरांना दिसू नये म्हणून टेबल भिंतीशी हवं." खाली सही. तारीख.

सोम. २८ जून
अर्ज दिला. मेंटेनन्सवाला म्हणाला, टेबलाला महिना लागतो. यादी आज बाहेर गेली, मुरुगेसनचं नाव तसंच. तो माझ्याकडे आला नाही, मीही गेले नाही. काय तोंडाने जाऊ?

साडेपाचनंतर हॉल रिकामा झाला तशी टेबल ओढायला लागले. सेल्वी वायरी गुंडाळत होती, माझ्याकडे बघत राहिली. मग पिशवी खाली ठेवून दुसऱ्या बाजूने धरलं. "मी काही बघितलेलं नाही," म्हणाली, आणि ओढत राहिली. स्क्रीनचं तोंड आता भिंतीकडे, माझं तोंड हॉलकडे. साहेबांचं दार माझ्या डाव्या हाताला. घंटी ऐकू येते, बघायची गरजच काय?

आज तिने माझं सेटिंग लहान केलं नाही. "विसरले," म्हणाली.

बुध. ३० जून
दोन दिवस साहेब माझ्याकडे न बघता आत-बाहेर करत होते. काल त्यांनी गोपनीय पत्र कामाक्षीला दिलं, आज मला. दुपारी माझ्या अर्जाची फाइल परत आली. कोपऱ्यात साहेबांच्या हातचं: "टेबल मूळ जागी ठेवावे. गोपनीय कामाबाबत व अर्जदाराच्या बदलीबाबत नंतर निर्णय." खाली सही. ते "बदलीबाबत" मी पुन्हा पुन्हा वाचलं. पेनने लिहिलेलं होतं, जाड अक्षरात, वाचायला काही त्रास झाला नाही.

भीती वाटते. इथे तरी कबूल करते. डिस्पॅचची नाही. एक दिवस आठशे बाय सहाशेही पुरणार नाही, त्याची. त्या दिवशी मी स्वतः उठेन, कोणाला सांगावं लागणार नाही. पण तो दिवस मी ठरवणार. साहेबांनी नाही, मेंटेनन्सने तर नाहीच.

उद्या साडेनऊला दोन माणसं टेबल हलवायला येणार, असं कामाक्षीने कानात सांगितलं. ह्यांना सांगितलं, डबा लवकर लागेल. मी साडेआठला जाऊन बसणार आहे. यायचं त्यांनी खुशाल यावं. हलवायचंच असेल तर टेबल, खुर्ची आणि खुर्चीत बसलेली मी, तिन्ही एकदम उचलावं लागेल.